नुसत्या पाण्याच्या टाकीचा स्फोट कसा होतो?

प्रश्न वाळवा तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याचा आहे. त्यांच्या शेजारच्या गावात हळद शिजवण्याच्या कुकरची पाण्याची टाकी फुटली, तिच्या एका टोकाचा पत्रा उडून उसाच्या फडात जाऊन पडला, आणि माणसे त्या वेळी जेवायला बसलेली असल्यामुळे कोणालाही इजा झाली नाही. ते विचारतात की टाकीत गॅस नव्हता, दारू नव्हती, केवळ पाणी होते, मग स्फोट झाला तो कशाचा? मुळात स्फोट कशाला म्हणायचे आणि त्याला कारण काय लागते? माझी सारी नोकरी सांगली जिल्ह्यात साखर कारखान्याच्या बॉयलरवर आणि पुढे डिस्टिलरीच्या सुरक्षा विभागात गेली आहे. प्रश्न माझ्या कामाचा असल्याने उत्तर सविस्तर देतो.

स्फोट म्हटले की आपल्याला ज्वाळा आणि धूर आठवतो, परंतु ज्वाळा हा स्फोटाचा आवश्यक घटक नाही. एका ठिकाणी साठलेली ऊर्जा इतक्या कमी वेळात मोकळी होते की भोवतालची हवा बाजूला सरण्याआधीच तेथील वायू किंवा वाफ प्रसरण पावू पाहते; त्यामुळे दाब चढतो, तो लहरीच्या रूपाने बाहेर पडतो आणि वाटेत येईल ते ढकलतो, फोडतो किंवा भिरकावतो. एवढे घडले की तो स्फोट. ऊर्जा रासायनिक असावी असे काही बंधन नाही. दाबून भरलेली हवा, आगीत सापडलेले सिलिंडर किंवा शंभर अंशांच्या वर तापलेले बंद पाणी यांतही ती असतेच. फटाक्यातील दारू कागदावर पसरून पेटवली तर ती भुरकन जळून जाते आणि तीच घट्ट गुंडाळीत असेल तर कानठळ्या बसतात. पदार्थ तोच आणि त्यातील ऊर्जाही तेवढीच. फरक पडतो तो दाबाला वाट मिळण्या-न मिळण्याचा.

म्हणून कोणत्याही स्फोटाच्या चौकशीत मी तीन गोष्टी शोधतो. ऊर्जा कोठे आणि किती साठली होती, ती एकदम मोकळी का झाली, आणि वाढत्या दाबाला निघून जायला वाट का नव्हती. ठिणगी कोठून आली हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात, वर्तमानपत्रेही त्याच्याच मागे लागतात. माझ्या मते त्याचा क्रमांक शेवटचा आहे, आणि आपल्या कुकरच्या बाबतीत तर तो उद्भवतच नाही.

आता कुकरकडे येतो. त्यात भट्टीवरच्या बंद टाकीत पाण्याची वाफ तयार होते आणि ती पाइपने हळद भरलेल्या ड्रममध्ये सोडतात. उघड्या पातेल्यात पाणी सुमारे १०० अंश सेल्सिअसला उकळते (सांगलीच्या उंचीवर दोनेक अंश आधीच) आणि त्यापुढे कितीही जाळ लावला तरी तापमान वाढत नाही, कारण दिलेली उष्णता वाफेबरोबर निघून जाते. टाकी बंद केली की वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाण्याचा उकळण्याचा बिंदूही वर सरकतो. गेजवर दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब दिसत असेल तेव्हा आतील पाणी सुमारे १२० अंशांवर असते. हे पाणी केवळ दाबामुळे पाणी राहिलेले असते. टाकीचा सांधा उकलला आणि दाब एकाएकी उतरला तर त्याला १२० अंशांवर द्रवरूपात राहता येत नाही. ते स्वतःच्याच उष्णतेवर उकळू लागते आणि १०० अंशांपर्यंत उतरेतो त्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. हिशेब केला तर हा भाग पावणेचार टक्क्यांच्या आसपास येतो. आकडा किरकोळ वाटेल, पण ३०० लिटर पाण्यात तो ११ किलो वाफेइतका होतो, आणि पाण्याची वाफ झाली की ती साध्या हवेच्या दाबाला सुमारे १,६०० पट जागा मागते. म्हणजे अडीच मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली भरून टाकील एवढी वाफ एका टाकीतून, डोळ्याचे पाते लवण्याच्या आत बाहेर पडू पाहते. गेजवर ५ किलो दाब असता तर पाण्याचा सुमारे अकरा टक्के भाग असा फुलला असता.

पत्रा फडापर्यंत कसा गेला, तेही याच आकड्यांत आहे. ९० सेंटिमीटर व्यासाच्या गोल झाकणपट्टीचे क्षेत्रफळ ६,३०० चौरस सेंटिमीटरांहून जास्त भरते, तेव्हा १ किलो दाबालाही तिच्यावर सहा टनांपेक्षा अधिक जोर असतो. साध्या सपाट पत्र्याला हा जोर बाहेर फुगवतो आणि सारा ताण कडेच्या वेल्डिंगवर येतो. कारखान्यातील बॉयलरची टोके बशीसारखी फुगीर का ठेवतात, याचे उत्तर एवढेच. गावाकडच्या फॅब्रिकेटरला सपाट पत्रा कापणे सोपे जाते आणि स्वस्तही पडते.

टाकी फुटायला निमित्त काय झाले असेल? मी ती टाकी पाहिलेली नाही, पण अशा कुकरमध्ये बिघाड कोठे कोठे होतो हे ठरलेले आहे. हळदीच्या गड्ड्यांबरोबर ड्रममध्ये माती येते आणि ती वाफ सोडणाऱ्या पाइपच्या भोकांत बसते. भट्टी पेटलेली राहते, वाफ पुढे जात नाही, आणि दाब पाण्याच्या टाकीत साचतो. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्हने उघडायला हवे. परंतु वर्षातील नऊ-दहा महिने कुकर शेडबाहेर उभा असतो, व्हॉल्व्हची बैठक गंजते, आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी तो उघडतो की नाही हे कोणी पाहत नाही. त्याहून वाईट प्रकार म्हणजे व्हॉल्व्ह सतत फुसफुसतो, वाफ वाया जाते आणि लॉट शिजायला वेळ लागतो म्हणून त्यावर वजन ठेवणे किंवा तो तारेने आवळणे. हे करणारा माणूस अडाणी असतो असे मी म्हणणार नाही. त्याच्या मागे ट्रॉल्या खोळंबलेल्या असतात. पण त्या क्षणी त्याने दाबाची एकमेव वाट बुजवलेली असते.

दुसरे निमित्त पाणी कमी होण्याचे. जाळाकडच्या पत्र्यामागे पाणी असते तोवर पत्रा पाण्यापेक्षा फारसा गरम होत नाही. पातळी खाली गेली की तोच पत्रा लाल होऊ लागतो, आणि साधारण ५५० ते ६०० अंशांच्या टप्प्यात पोलादाची ताकद जवळपास निम्म्यावर येते. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या गेज काचेत पाणी दिसत नाही हे लक्षात आल्यावर घाईने पाणी सोडणे ही तेव्हाची सर्वांत घातक कृती होय, कारण तापलेल्या पत्र्यावर पडलेले पाणी एकदम वाफ होते आणि कमजोर झालेल्या पत्र्यावर दाबाचा धक्का बसतो. आमच्याकडे नव्या बॉयलर अटेंडंटला पहिला धडा हाच असे: पाणी दिसेनासे झाले तर आधी जाळ ओढायचा, पाण्याच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातील बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या पाण्याने पत्र्याला आतून क्षारांचा थर बसतो, तो उष्णता अडवतो, आणि टाकीत भरपूर पाणी असूनही जाळाकडचा पत्रा जास्त तापतो.

कायद्याविषयी थोडक्यात सांगतो. २५ लिटरपेक्षा कमी पाणी मावणारे किंवा १ किलोपेक्षा कमी दाबावर चालणारे उपकरण बॉयलरच्या कायदेशीर व्याख्येबाहेर राहते, आणि हळदीचे बरेचसे कुकर या दुसऱ्या सवलतीत बसवले जातात. वर केलेला हिशेब पाहता ही सवलत म्हणजे निर्धोकपणाचा दाखला नव्हे, हे उघड आहे. हंगामाआधी टाकीची पाण्याच्या दाबाने चाचणी जरूर घ्यावी. कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काही वेळ धरून ठेवावा आणि सांधे तपासावेत. ही चाचणी कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही घेऊ नये. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे चाचणीत सांधा उकलला तर चार थेंब उडतात आणि दाब संपतो. हवा दबून बसलेली असते, आणि त्याच दाबाला तीच टाकी फुटून माणूस दगावू शकतो.

आगीत सापडलेले स्वयंपाकाचे सिलिंडर फुटते त्यामागेही हेच शास्त्र आहे. आतील द्रव गॅस जेथे पत्र्याला टेकलेला असतो तेथे तो पत्रा थंड ठेवतो, पण द्रवाच्या वरचा भाग ज्वाळेने मऊ पडतो, फाटतो, आणि द्रव एकदम उकळून बाहेर येतो. फरक इतकाच की पाणी जळत नाही आणि हा गॅस जळतो, म्हणून पाठोपाठ आगीचा गोळा उठतो. मात्र ‘सिलिंडरचा स्फोट’ या मथळ्याखाली येणाऱ्या अनेक बातम्यांत सिलिंडर शाबूत असते. फुटलेले असते ते घर. तो निराळा प्रकार आहे आणि आपल्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग तेथून सुरू होतो.

जळणारा गॅस किंवा वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच ती स्फोटक होते. स्वयंपाकाच्या गॅससाठी हे प्रमाण साधारण २ ते ९ टक्के, गोबरगॅसमधील मिथेनसाठी ५ ते १५ टक्के, आणि बॅटरी चार्ज करताना निघणाऱ्या हायड्रोजनसाठी ४ ते तब्बल ७५ टक्के आहे. तीन मीटर लांबी-रुंदी-उंचीच्या स्वयंपाकघरात २ टक्के गॅस होण्यास एक किलोहून किंचित जास्त गॅस पुरतो, आणि घरगुती सिलिंडरमध्ये तो १४.२ किलो असतो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे खोलीभर सारखा पसरत नाही. तो जमिनीलगत, ओट्याखाली आणि मोरीत साचतो, त्यामुळे प्रत्यक्षात एक किलोचीही गरज उरत नाही. मग कोणीतरी पहाटे दिवा लावतो किंवा फ्रिजचा थर्मोस्टॅट आपोआप चालू होतो. घराच्या भिंतीवर दर चौरस सेंटिमीटरला अवघा ०.०७ किलो दाब आला तरी तीन मीटर उंच व तितक्याच रुंद भिंतीवर सहा टनांचा रेटा बसतो. वीटकामाची भिंत वरून येणारा भार पेलण्यासाठी बांधलेली असते, आडवा रेटा सोसण्यासाठी नव्हे. तरीही पंचनाम्यात ‘फ्रिजच्या ठिणगीने स्फोट’ असे लिहिले जाते. तो फ्रिज रोज कित्येक वेळा ठिणगी पाडत होता. त्या रात्री वेगळे घडले ते एवढेच की रबरी नळी गळत होती आणि खिडक्या बंद होत्या.

डिस्टिलरीत मला सर्वांत जास्त धास्ती असे ती रिकाम्या टाकीची. इथेनॉलची वाफ हवेत सुमारे ३.३ ते १९ टक्के असताना स्फोटक असते. बंद टाकीत द्रवावर किती वाफ जमेल हे तापमानावर ठरते, आणि २५ अंशांना ती सुमारे ८ टक्के, तर ४० अंशांना सुमारे १८ टक्के भरते. म्हणजे सांगलीच्या हिवाळ्यापासून एप्रिलच्या उन्हापर्यंत इथेनॉलच्या टाकीतील मोकळी जागा जवळजवळ सदैव स्फोटक मर्यादेच्या आतच असते. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ इतकी दाट होते की हवा अपुरी पडते आणि मिश्रण सहसा पेटत नाही. पेट्रोल हाताळण्यात आयुष्य गेलेली माणसे डिस्टिलरीत येतात तेव्हा त्यांना हा फरक मुद्दाम शिकवावा लागतो. टाकी उपसून ‘रिकामी’ केली तरी तळाच्या गाळात आणि पाइपच्या कोपरात लिटरभर द्रव राहतोच, आणि त्यावर गॅस कटरची ज्वाळा आली की वरचे झाकण उडते. औद्योगिक वसाहतींत आणि हमरस्त्यावरच्या गॅरेजांत जुने ड्रम व टँकर कापताना होणाऱ्या अपघातांची जातकुळी हीच आहे. आत डोकावून पाहणे किंवा वास घेणे ही तपासणी नव्हे. टाकी पाण्याने काठोकाठ भरून किंवा वाफेने धुऊन, त्यानंतर गॅस डिटेक्टरने तळाशी, मध्ये व वर मोजमाप घेऊन आणि लेखी परवाना देऊनच ज्वाळा लावू द्यावी. काम लांबले तर मोजमाप पुन्हा घ्यावे.

धुळीचा स्फोट हा आपल्या भागात सर्वांत कमी ओळखला जाणारा धोका आहे, आणि तो साखर व हळद या आपल्या दोन मुख्य मालांशीच निगडित आहे. बारीक पूड हवेत तरंगत असताना तिच्या प्रत्येक कणाला हवा मिळते आणि ज्वाळा कणाकणाने पुढे धावते. पिठाच्या अशा स्फोटाची नोंद इटलीतील ट्युरिन शहरात १७८५ साली झाली होती. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर शुद्धीकरण कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी साखरेच्या धुळीचा स्फोट होऊन १४ कामगार मृत्युमुखी पडले. तेथे सायलोखालच्या (साखरेच्या उंच कोठारांखालच्या) कन्व्हेयरवर बंदिस्त आवरण बसवलेले होते आणि त्यात धूळ कोंडत होती. पण जीवितहानी वाढली ती पहिल्या धक्क्याने मजल्यामजल्यांवरची साठलेली धूळ उडून एकामागून एक पुढचे स्फोट झाल्यामुळे. फरशीवरचा १ मिलिमीटरचा थर कोणालाही निरुपद्रवी वाटतो. पाच मीटर उंच शेडमध्ये तो थर उडाला तर हवेत दर घनमीटरला सुमारे १०० ग्रॅम धूळ होते, आणि अनेक सेंद्रिय पुडी त्याहून कमी प्रमाणातही स्फोटक ठरतात. हळद दळणाऱ्या कांडपात तुळयांवर आणि दिव्यांच्या शेडवर पिवळा थर दिसला की मला तेथे फार वेळ उभे राहवत नाही. ही धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवून साफ करण्याची पद्धत तर बंदच झाली पाहिजे.

ठिणगीवाचून होणारा आणखी एक प्रकार रासायनिक अभिक्रिया हाताबाहेर जाण्याचा. तापमान दहा अंशांनी वाढले की पुष्कळ अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, पण टाकीतून उष्णता निघून जाण्याचे प्रमाण त्या पटीत वाढत नाही. एका टप्प्यानंतर आत तयार होणारी उष्णता बाहेर जाणाऱ्या उष्णतेला मागे टाकते. रासायनिक कारखान्यांतील रिअ‍ॅक्टर फुटतात ते बहुधा असे. साखर कारखान्यात याचे संथ रूप मळीच्या टाकीत दिसते. गरम मळी तशीच साठवली आणि ढवळण्याची, थंड करण्याची व्यवस्था बंद पडली, तर मळी स्वतःहून विघटित होऊ लागते, फसफसते, वायू सोडते, आणि छपराला पुरेशी वाट नसेल तर टाकी फाडते.

दारूगोळ्याबद्दल फार लिहीत नाही. तेथे ऊर्जा मुद्दामच साठवलेली असते. एक भेद मात्र समजून घ्यावा. गॅस, धूळ आणि फटाक्यांची दारू यांत ज्वाळा साधारणपणे ध्वनीपेक्षा कमी वेगाने सरकते; जिलेटिनसारख्या स्फोटकांत ती धक्कालहरीबरोबर सेकंदाला काही हजार मीटर वेगाने धावते, आणि म्हणून त्यांना खडक फोडायला घट्ट बंदिस्तीचीही फारशी गरज लागत नाही. माण-खटावकडे विहिरीचे सुरुंग लावताना न उडालेला एखादा सुरुंग सर्वांत घातक ठरतो तो याच कारणाने. तासगाव तालुक्यातील कवठेएकंदच्या दसऱ्याला शोभेचे दारूकाम पाहायला दूरवरून लोक येतात. तेथेही खरी जोखीम पालखीच्या रात्रीपेक्षा आधी कोंदट खोलीत दारू भरण्याच्या कामात असते. उलट कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी आणि पुन्हा २५ एप्रिल २०१२ रोजी शिवसागर जलाशयाच्या तळाशी जे लेक टॅपिंग (म्हणजे खालून बोगदा नेऊन तळाचा शेवटचा खडक सुरुंगाने उडवणे) केले गेले, त्यात माझ्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच ठरवलेली होती: ऊर्जा किती, ती कोणत्या क्रमाने मोकळी करायची, आणि पाणी व दगड यांनी कोणत्या वाटेने जायचे.

याच्या विरुद्ध टोकाला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमधील १४ एप्रिल १९४४ चा स्फोट आहे, ज्याच्या स्मरणार्थ आजही अग्निशमन सप्ताह पाळला जातो. फोर्ट स्टिकिन या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि कराचीत त्यावर कापसाच्या गाठीही चढवल्या गेल्या होत्या. कापूस धुमसत राहिला, आणि दुपारी चारच्या सुमारास जहाज उडाले. त्या कापसाला आग विडीने लागली की आणखी कशाने, यावर आजवर बरेच लिहिले गेले आहे. माझ्या दृष्टीने त्या दुर्घटनेचे कारण गाठी आणि स्फोटके एकत्र रचण्याच्या निर्णयात आहे, आणि तो निर्णय आग लागण्याच्या कित्येक दिवस आधी झाला होता.

शेवटी, आपल्या शेजारच्या गावातील टाकीचे काय करावे याबद्दल. तुकडे भंगारात घालण्यापूर्वी ते जेथे पडले तेथेच त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मूळ जागेपासूनचे अंतर मोजून ठेवावे. फाटलेल्या कडेची जाडी कॅलिपरने मोजावी. ती मूळ जाडीच्या निम्मी असेल तर गंज हे कारण, पत्रा पातळ होऊन ओढल्यासारखा आणि निळसर-काळा दिसत असेल तर पाणी कमी पडले असावे, आणि जाडी पुरेशी असूनही वेल्डिंगच्या रेषेतच सांधा उकलला असेल तर वेल्डिंग कच्चे होते किंवा दाब मर्यादेपलीकडे गेला होता. सेफ्टी व्हॉल्व्ह सापडला तर तो मोकळा करू नये, तेल घालू नये, आहे त्याच स्थितीत पिशवीत बांधून ठेवावा. कुकर नोंदणीकृत असेल तर अपघाताची खबर बॉयलर निरीक्षकांना २४ तासांच्या आत देणे बंधनकारक असते. नोंदणी नसली तरी त्यांच्या कार्यालयास कळवण्यास हरकत नाही. आणि ज्या फॅब्रिकेटरने ही टाकी बनवली त्याने त्याच वर्षी, त्याच पत्र्याच्या आणखी किती टाक्या विकल्या आणि त्या सध्या कोणत्या गावांत आहेत, हे त्याला आजच विचारावे.